शेंगा, मका, मिरचीला बुरा लागायच्या आधी काय करायचं : बदललेल्या पावसातलं वाळवण

२०२५ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यात आमच्या उन्हाळी भुईमुगाची काढणी चालू होती, निम्म्या रानातले वेल उपटून टाकले होते आणि पाऊस सुरू झाला. आम्ही म्हटलं वळीव आहे, तासभर पडंल, उद्या ऊन पडलं की झालं, आजोबांपासून असंच चालत आलंय. पण तो वळवासारखा वागलाच नाही, लागूनच राहिला, आणि त्यातच २४ मे ला मान्सून केरळात आला आणि दोन दिवसांत मुंबई गाठली. वाळवणाचे म्हणून जे हक्काचे दहा-पंधरा दिवस असतात ते गेलेच. शेंगा चिखलातून गोळा केल्या, सोप्यात ढीग घातला आणि उबदार राहूदे म्हणून वर ताडपत्री दाबून टाकली. आठवड्यानं शेंग फोडून बघितली तर टरफलाच्या आत पिवळसर हिरवी पूड. आई म्हणाली धुऊन वाळव, कुटाला चालतील.

तेव्हापासून मी या बुऱ्याच्या, म्हणजे बुरशीच्या मागं लागलोय. वाचलं, कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारलं, आणि आता घरात जे पाळतोय ते इथं लिहितो. मुद्दा एवढाच की आपलं वाळवण अजून तारखेवर चालतंय आणि पाऊस तारखेवर राहिलेला नाही, त्यामुळं आता ओलावा मोजून चालावं लागणार.

आधी हे विष काय ते बघू, कारण ते कळल्याशिवाय पुढची खटपट कुणी करणार नाही.

ती पिवळसर हिरवी पूड म्हणजे बहुतेक वेळा ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी. ती आपल्या मातीतच राहते, बाहेरून येत नाही. ती जे विष सोडते त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. १९६० ला इंग्लंडमध्ये एक लाखाच्या वर टर्की कोंबड्या पटापट मेल्या, कारण कुणाला कळेना, शेवटी निघालं काय तर ब्राझीलहून आलेली शेंग पेंड. तिथून या विषाचा शोध लागला. आणि हे फक्त कोंबड्यांचं नाही. १९७४ ला राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला, खायला दुसरं नव्हतंच, सुमारे ४०० जणांना कावीळ होऊन पोटात पाणी झालं आणि १०६ जण गेले. त्याच मक्यानं गावातली कुत्रीपण मेली.

एवढं विष एकदम पोटात जाणं आपल्याकडं सहसा होत नाही. आपल्याकडं होतं ते थोडं थोडं, रोज, वर्षानुवर्षं, आणि ते जाऊन बसतं लिव्हरवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का. ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्याला तर हा धोका कित्येक पटीनं वाढतो. म्हणून लहान पोरांची ती लस चुकवू नका, ती या विषयातच येते.

आणि आईच्या धुऊन वाळवण्याचं उत्तर. धुतलं की बुरशी जाते, विष जात नाही, ते दाण्याच्या आत मुरलेलं असतं. उकळलं, भाजलं, कुकरला लावलं तर थोडं कमी होतं, संपत नाही. आपल्या चुलीवरच्या तापाला ते दाद देत नाही. याला रंग नाही, वास नाही, चव नाही, बुरा दिसत नसला तरी विष असू शकतं. म्हणून सगळी लढाई बुरा लागायच्या आधीची.

हवामानाचा संबंध कुठं येतो

मला आधी वाटायचं बुरा म्हणजे ओल, ओल म्हणजे पाऊस, विषय संपला. तसं नाही. या बुरशीला साधारण ३० अंशाच्या आसपासची उष्णता आवडते, आणि दुसऱ्या बुरशांना जमत नाही इतक्या कोरड्यातसुद्धा ती तगते. भुईमुगाचा दाणा जमिनीत भरत असताना पाणी तुटलं आणि शेंगेजवळची माती २८ ते ३१ अंशाला तापून राहिली की रानातच विष तयार व्हायला लागतं. कारण असं की दाण्यात ओल पुरेशी असते तोवर दाणा स्वतःच बुरशीला मारणारे पदार्थ तयार करतो, ओल खाली गेली की त्याची ती ताकद जाते, बुरशी मात्र जिवंत असते. म्हणजे दुष्काळात ती दाण्यात शिरते आणि काढणीच्या पावसात वाढते. आधी ताण आणि नंतर पाऊस हे सगळ्यात वाईट जोडपं, आणि आपल्या वाट्याला आता नेमकं तेच येतंय. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, खरिपाच्या शेंगा भरायचा नेमका तो काळ. आणि २०१९ आठवा, ऑगस्टमध्ये महापूर, त्यातनं सावरतोय तोवर ऑक्टोबरच्या शेवटी अरबी समुद्रात क्यार वादळ आणि काढणीला आलेलं पीक पाण्यात.

युरोपात पण हेच चाललंय. तिकडं थंड हवा म्हणून मक्यात अफ्लाटॉक्सिनची कुणाला काळजी नव्हती. २००३ च्या उन्हाळ्यात उत्तर इटली तापली आणि मक्यात विष निघालं, २०१२ ला सर्बियात दुष्काळ पडला, मक्यात आलं आणि पुढच्या वर्षी तिथल्या दुधात सापडलं. तिकडच्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडलाय की तापमान २ अंशानं वाढलं तर युरोपातल्या मक्याला हा धोका कायमचाच होऊन बसंल. आपल्याकडं तर ती उष्णता आधीपासून आहे.

रानात काय करायचं

भुईमूग घेत असाल तर शेवटचा महिना-सव्वा महिना पाण्याचा ताण पडू देऊ नका. आपण बऱ्याचदा उलटं करतो, शेंगा भरल्या असतील म्हणून पाणी उसाकडं वळवतो. लाईट रात्रीची, पाळी लांब, सगळं मान्य, पण दोन पाण्यातलं एकच देता येत असेल तर ते शेंगा भरताना द्या. आऱ्या (फुलातनं जमिनीत उतरून शेंग धरणारी टोकं) सुटायच्या वेळेला जिप्सम टाका, हेक्टरी २०० किलो तरी, कॅल्शियम मिळालं की टरफल मजबूत होतं आणि चिरा कमी पडतात. हुमणी, वाळवी, शेंगा पोखरणारी कीड यांच्याकडं लक्ष द्या, कारण शेंगेला पडलेलं प्रत्येक भोक म्हणजे बुरशीला दार. बियाणं ट्रायकोडर्मा ही मित्र बुरशी लावून पेरा, शेणखतात मिसळूनही टाकता येतं.

मक्यात तेच काम लष्करी अळी करते. ही अमेरिकन लष्करी अळी २०१८ ला कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी आपल्याकडं पोचली. ती पोंग्यात असते तोवर आपण फवारतो, कणसात शिरली की सोडून देतो, आणि तिनं कुरतडलेल्या टोकालाच बुरा धरतो. कणीस सोलल्यावर टोकाला बघायची सवय लावा. हिरवट पिवळी पूड असेल तर अफ्लाटॉक्सिनवाली बुरशी धरून चला, पांढरा गुलाबी कापूस असेल तर ती फ्युजॅरियम, तिचं विष वेगळं, त्याला फ्युमोनिसिन म्हणतात. तेही साधं नाही. १९९५ ला आपल्याच दख्खनच्या पठारावर २७ गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांची पोटं बिघडली होती, कळा आणि जुलाब, त्यात हेच फ्युमोनिसिन निघालं. खरिपाचा जोंधळा काळा पडतो तेव्हा हे लक्षात ठेवा. शाळूला, म्हणजे रब्बीच्या ज्वारीला, हा त्रास कमी कारण तो कोरड्या हवेत निघतो, निदान अजूनपर्यंत तरी.

काढणी वेळेत करा. झाडावरच्या चार-पाच शेंगा फोडून बघायच्या, टरफलाची आतली बाजू तपकिरी काळपट झाली असेल अशा शंभरात पंचाहत्तर-ऐंशी शेंगा निघाल्या की थांबायचं नाही. अजून आठ दिवस राहूदे, वजन भरंल, हा मोह मोठा असतो, पण त्या आठ दिवसांत पाऊस आला किंवा जमीन करकचली तर शेंगा मातीतच तुटतात आणि राहिलेल्या बुरशीला जातात. काढायच्या आधी मोबाईलवर मेघदूत ॲप बघा, हवामान खात्याचं आहे, आपल्या जिल्ह्याचा पुढच्या काही दिवसांचा अंदाज आणि सल्ला मराठीत येतो. तीन-चार दिवस उघडीप दिसत असेल तेवढंच रान उपटा, सगळं एकदम नको. आमचं मे महिन्यात चुकलं ते इथंच, मजूर मिळाले म्हणून निम्मं रान एका दिवसात उपटून ठेवलं.

वाळवण, सगळं इथंच ठरतं

रानातनं निघालेल्या ओल्या शेंगेत वजनाच्या तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी असतं. ते ८-९ टक्क्यांवर आणायचंय. जितके दिवस मधल्या ओलाव्यात रेंगाळंल तितकं विष वाढणार, त्यातही पहिले दोन दिवस कळीचे.

वेल उपटला की माती झटका आणि उलटा ठेवा, शेंगा वर, पाला खाली. आपण ढीग मारतो तो मारायचा नाही. शेंगा वर असल्या की वारा लागतो आणि पाल्याची ओल त्यांना लागत नाही. दोन-तीन दिवसांनी शेंगा तोडायच्या. कुदळीचा घाव बसलेल्या, फुटलेल्या, अर्धवट भरलेल्या शेंगा तिथंच बाजूला काढा, त्या चांगल्यात मिसळल्या की पुढं वेचणं अवघड. मग ताडपत्रीवर पसरायच्या, नुसत्या जमिनीवर नाही, कारण ओल खालून पण येते आणि बुरशी मातीतच आहे. थर दोन बोटांचा, दिवसातनं चार-पाच वेळा हात फिरवायचा. दिवस मावळायच्या आधी गोळा करून झाकायचं, नाहीतर दव पडतं आणि दिवसाची कमाई रात्रीत जाते. सकाळी ऊन वर आल्यावरच उघडायचं.

आता ताडपत्रीची चूक. ओला माल प्लास्टिकखाली दाबला की तो स्वतःच तापतो, घाम सुटतो, आतलं पाणी ताडपत्रीला लागून परत खाली ठिबकतं. बुरशीला ऊब आणि ओल दोन्ही आपण आपल्या हातानं दिली. पाऊस लागलाच तर माल सोप्यात, पडवीत, गोठ्याच्या कोरड्या बाजूला, मिळंल तिथं पातळ पसरा आणि पंखा लावा. टेबल फॅन, कूलरचा पंखा, काहीही चालंल, हवा हलली पाहिजे. दारं खिडक्या उघड्या ठेवा. खाट किंवा जाळी असेल तर त्यावर पसरा म्हणजे खालून पण वारा लागतो, आम्ही या वेळी शेडनेटची जुनी जाळी बांबूवर ताणून केलं, खर्च काही नाही. ताडपत्री पाऊस अडवायला, मांडवासारखी उंच बांधायची, मालाला चिकटवायची नाही.

मक्याचं पण तसंच, कणसाचा ढीग नको. दाण्याच्या टोकाला काळा ठिपका दिसला की पक्व झाला. कणसं सुटी वाळवा, मग मळा, ओला मका मशीनला घातला की दाणा फुटतो आणि फुटक्या दाण्याला बुरा आधी लागतो.

वाळलं कसं ओळखायचं? भुईमुगाची शेंग कानाशी हलवली की खुळखुळली पाहिजे, दाणा चोळला की फोलपट सुटलं पाहिजे, दाताखाली कटकन मोडला पाहिजे. मका ज्वारीला एक मिठाची युक्ती आहे, मला लई आवडली. काचेची कोरडी बाटली घ्यायची, मीठ तव्यावर भाजून एकदम कोरडं करून गार करायचं, बाटलीत पाव ते एक तृतीयांश धान्य, दोन-तीन चमचे मीठ, झाकण घट्ट लावून मिनिटभर हलवायची आणि पंधरा मिनिटं ठेवायची. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर, अजून वाळवा. नाही चिकटलं तर खाली आहे. तरी एक-दोन ऊन जास्त द्या, कारण मक्याला १२-१३ टक्के पाहिजे. भावकीत चार घरं मिळून एक मॉइश्चर मीटर घेतला तर अंदाजावर राहायची गरजच नाही, मोबाईल घेतो त्याच्या पुढं तो काहीच नाही.

ठेवायचं कसं

आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडं तर विचारूच नका. कोरडा दाणा उघडा राहिला की हवेतली ओल परत ओढून घेतो. म्हणजे मे महिन्यात वाळवलेलं ऑगस्टमध्ये ओलं. जुनी माणसं कणगीला शेणानं लिंपायची, बळदाचं तोंड बंद करायची, त्यात अर्थ होता. आता आतून जाड प्लास्टिकच्या अस्तराच्या हवाबंद पिशव्या मिळतात, तोंड पिळून घट्ट बांधलं की आतला ऑक्सिजन संपतो, मग कीडही मरते आणि बुरशीही वाढत नाही. पण एक अट, माल पूर्ण कोरडा झाल्यावरच. ओला माल हवाबंद केला तर सडलाच म्हणून समजा.

साध्या पोत्यात ठेवत असाल तर खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, आणि पत्र्याच्या अगदी खाली थप्पी नको, रात्री पत्र्याला सुटलेलं पाणी वरच्याच पोत्यावर पडतं. जुन्या पोत्यात नवा माल भरायचा तर पोतं आधी उन्हात उलटं करून झटकून वाळवा. शेंगा टरफलासकट ठेवा, लागतील तशा फोडा, टरफल हे दाण्याचं चिलखत आहे.

पुराचं वेगळं सांगतो. २०१९ ला आणि २०२१ ला चिखली, आंबेवाडी, शिरोळकडं घरात पाणी शिरलं तेव्हा पोत्यांची पोती भिजली, आणि वाया कसं घालवायचं म्हणून बऱ्याच जणांनी वाळवून दळलं नाहीतर जनावरांना घातलं. त्या वेळी घरात दुसरं काय होतं, मी कुणाला नावं ठेवणार नाही. पण पुराच्या पाण्यात चार दिवस राहिलेलं धान्य माणसालाही नको आणि म्हशीलाही नको. पंचनाम्यात ते नुकसान म्हणून लिहून घ्या. आणि पावसाळ्याच्या आधी नदीकाठच्या घरांनी निदान वर्षाचं बी आणि खायचं धान्य माळ्यावर नाहीतर उंचावरच्या पाहुण्याकडं ठेवा.

गोठ्यातलं, हे वगळू नका

मला वाटतं आपल्या जिल्ह्याला सगळ्यात जास्त हे लागू आहे. घरटी दोन म्हशी, एक गाय, आणि नियम ठरलेला की जे माणसाला चालत नाही ते बुट्टीत. कुबट मका, बुरलेल्या शेंगा, पावसात काळी पडलेली कडब्याची पेंढी, बुरा धरलेला मुरघास, सगळं गोठ्यात. जनावराच्या पोटात अफ्लाटॉक्सिन गेलं की एका दिवसाच्या आत त्याचं दुसरं रूप, त्याला एम-वन म्हणतात, दुधात उतरतं. गाईत खाल्लेल्यापैकी साधारण १ ते ३ टक्के. दूध तापवून ते जात नाही. पनीर केलं तर उलट पनीरमध्ये जास्त गोळा होतं कारण ते दुधातल्या प्रथिनाला चिकटतं, तुपात त्यामानानं कमी.

हिशेब करून दाखवतो. समजा पेंडीत किलोमागं १०० मायक्रोग्रॅम विष आहे, गाईनं दिवसाला अडीच किलो खाल्ली, पोटात गेले २५०. त्यातले २ टक्के धरले तर ५ मायक्रोग्रॅम दुधात. गाय १० लिटर देत असेल तर लिटरला अर्धा. आपल्या देशाची दुधाची मर्यादाच नेमकी तेवढी आहे, ०.५. म्हणजे पेंड थोडी अजून खराब असली की दूध मर्यादेच्या बाहेर, आणि ते दूध आपलीच पोरं पितात. एफएसएसएआय या देशाच्या अन्न सुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये देशभरातले ६,४३२ दुधाचे नमुने तपासले, त्यातल्या ३६८ मध्ये एम-वन मर्यादेपेक्षा जास्त निघालं. सगळ्यांचं लक्ष भेसळीकडं, युरियाकडं असतं, आणि हे येतं गव्हाणीतनं.

करायचं काय, तर शेंग पेंड, सरकी पेंड घेताना पोतं फोडून वास घ्या, आत हात घालून बघा गरम किंवा गठ्ठा झालंय का. शेंगेचं तेल काढल्यावर विष तेलात कमी आणि पेंडीत जास्त राहतं म्हणून पेंडीला जास्त जपायचं. एकदम तीन महिन्यांची भरून ठेवू नका, पावसाळ्यात तर पंधरा दिवसांची आणा. मुरघास भरताना दाबून हवा काढा, तोंड उघडल्यावर रोज थोडा थोडा सगळीकडनं काढा, वरचा बुरलेला थर फेकून द्या. टॉक्सिन बाइंडर म्हणून मातीसारखी पावडर मिळते, बेंटोनाइट वगैरे, ती अफ्लाटॉक्सिनला आतड्यात धरून ठेवते, जनावरांच्या डॉक्टरांना विचारून वापरा, पण ती आहे म्हणून बुरलेलं घालायची मुभा समजू नका, फ्युमोनिसिनवर ती फारशी चालत नाही. चांगली बातमी एकच, खराब खाद्य बंद केलं की तीन-चार दिवसांत दूध साफ होतं.

घरातल्या बायकांसाठी आणि पुरुषांसाठीही

एप्रिल-मे म्हणजे वर्षाची चटणी. गडहिंग्लजच्या बाजारातनं मिरची आणायची, वाळवायची, कांदा लसूण खोबरं भाजायचं आणि डंकावर न्यायचं. याच दिवसांत आता पाऊस येतोय. मिरचीत पण हीच बुरशी होते, मसाल्यासाठी मर्यादा किलोला ३० मायक्रोग्रॅम आहे. मिरची घेताना मोडून बघा, आत बियांवर करडी हिरवी पूड असेल तर ती मिरची बाहेर. हाताला लिबलिबीत लागली, वाकली पण मोडली नाही तर वजनासाठी पाणी मारलेलं असू शकतं. देठासकट घेतलेली जास्त टिकते, देठ घरी काढा. शक्य असेल तर चटणी मार्च-एप्रिलमध्येच उरका, मे च्या उन्हाचा भरवसा आता धरू नका. सुकं खोबरं वाटीत काळं हिरवं झालेलं पुसून वापरतात, ते नको, खरवडूनही नको.

शेंगदाण्यात विष सगळ्या दाण्यांत सारखं नसतं, हजारात एक-दोन दाण्यात प्रचंड असतं आणि बाकीचे स्वच्छ. म्हणून हातानं वेचण्याला तोड नाही. सुरकुतलेले, रंग गेलेले, काळे, भोक पडलेले, मोड आल्यासारखे, फुटून आत पिवळे पडलेले, सगळे बाहेर. भाजून फोलपटं काढल्यावर परत एकदा नजर टाका, त्या वेळी डागाळलेला दाणा पटकन दिसतो. विषाला चव नसली तरी खराब दाण्याला असते, म्हणून खाताना कडू खवट लागला तर गिळू नका, थुंका, पोरांनाही तेच शिकवा. तयार कूट आणि स्वस्तातला चुरा घेऊ नका, दळलेल्यात वेचायचं कसं? अख्खे दाणे आणा आणि कूट घरी करा. लाकडी घाण्याचं तेल आता सगळ्यांना पाहिजे, चांगलं आहे, पण ते रिफाइंड होत नसल्यानं खराब दाण्याचं विष काही प्रमाणात तेलात येतं, म्हणून घाण्यावर आपले वेचलेले दाणे घेऊन जा आणि समोर काढून घ्या.

गटानं किंवा कंपनीनं माल विकत असाल तर लॅबची तपासणी करून घ्या. तयार खायच्या शेंगदाण्याला आपल्याकडं किलोला १० मायक्रोग्रॅम, पुढं प्रक्रियेला जाणाऱ्याला १५ ची मर्यादा आहे, म्हणजे एका टनात फक्त १५ मिलिग्रॅम. युरोपला थेट खायला पाठवायचं तर ४. नमुना वरच्या एका पोत्यातनं मूठभर काढून काही कळत नाही, पंधरा-वीस ठिकाणाहून, तळातनं मधनं, असा मिळून चार-पाच किलो काढा, सगळा एकत्र दळा आणि त्यातनं थोडा द्या.

वेचताना तोंडाला रुमाल बांधा, ती पूड नाकात जाऊ देऊ नका. वेचलेलं जाळू नका, उकिरड्यावर कोंबड्या येतील तिथं टाकू नका, बांधाच्या कडेला हातभर खोल खड्डा काढून पुरा. यंदा आमच्या दोन पोत्यांतनं साडेतीन किलो निघाले. आईनं ते पाटीत घेऊन बराच वेळ हातानं चाळले, त्यातले चार बरे दिसणारे उचलून बघितले, परत टाकले, आणि खड्डा कुठं काढलायस म्हणून विचारलं.